रानकुत्र्यांच्या तोंडचं चितळ

रविवार, संध्याकाळ. ताईकडे, आरमोरीजवळ.

सकाळी रानकुत्र्यांनी ताईच्या बांधावर चितळ पाडलं आणि जिवंतपणीच त्याचं पोट फाडून खाऊ लागले. भाऊजी आणि शेजारी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन ओरडत धावले. रानकुत्र्यांची शिकार हिसकायची, ही इथली रीतच. ते माणसावर येत नाहीत. चितळ पाय झाडत होतं. भाऊजींनी कुऱ्हाडीने मान तोडली. कुत्रे पांगले, एक मादी तेवढी हलली नाही. तिची आचळं दुधाने लोंबत होती.

"भाऊजी, तिला पिल्लं आहेत. चितळ राहू द्या तिला," मी म्हटलं.

"पेपरवाले, तुमी तिचा फोटो छापा. आमाले मटन खाऊ द्या!" सगळे हसले.

दुपारी तो कळप ताईच्या बकऱ्यांवर आला. गाभण काळी बकरी आतडी ओढत अंगणापर्यंत आली आणि ताईच्या पायाशी पडली. तीच मादी असेल का? मी पाहिलं नाही. पण ती लोंबणारी आचळं डोळ्यांपुढून जात नाहीत.

भाऊजी मेलेल्या बकरीत फवारणीचं औषध भरायला निघाले. ताईने डबा हिसकावला.

"जहर टाकता? सकाळी तिच्या तोंडचं कोणं आणलं? आता हे नेऊन द्या तिले. तिचं पोट भरलं तर माह्या बाकीच्या तरी वाचतीन."

भाऊजी बकरी खांद्यावर टाकून बांधाकडे गेले. ती मादी खाऊन परत जाईल, की तिला आता गोठ्याचीच वाट कळली?

चुलीवर चितळाचं मटण तसंच झाकलेलं आहे.