दोन नंबरचा गिअर

अण्णा,

तुमच्या वर्कशॉपची वेबसाइट आज काढून टाकायची आहे. दादा म्हणाला, चाकणला नवीन शेड झालीय, आता एजन्सीकडून झकपक साइट करून घेतो, तुझी ती जुनी बंद कर. निदान त्याने ती माझी तरी म्हटली. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण जिवंतपणी तुमच्या तोंडून एवढंही निघालं नाही. म्हणून आज चार शब्द बोलते, आणि गोड बोलणार नाही.

मला भोसरीच्या त्या गाळ्यात मशीनवर उभं राहायचं होतं. बारावीनंतर तसं सांगितलं तेव्हा तुम्ही हातातला भाकरीचा तुकडाही खाली ठेवला नाही. "पोरीचं काम न्हाई ते. वेणी अडकली मशीनमधी तर?" वेणी कापते म्हटलं, तर आईला म्हणालात, "हिला समजाव." दादाला गिअरचं काही म्हणजे काही कळत नव्हतं, तरी गिअर कापायला तोच. मी मुकाट्यानं कॉम्प्युटर शिकले. मग वर्कशॉपला वेबसाइट हवी झाली तेव्हा बरी पोरगी आठवली! तीही अट घालून: "नंतर माझी मला बदलता आली पायजे. दर खेपेला तुझ्या पाया पडणार न्हाई."

म्हणून मी ती साधी केली. एकच पान, एकच फाइल. प्रत्येक भागावर तुमच्यासाठी मराठीत चिठ्ठी, फाइल उघडणाऱ्यालाच दिसणारी, गिऱ्हाइकाला नाही: अण्णा, इथे फोन नंबर बदला. अण्णा, इथे सुट्टी लिहा. तुम्ही चष्मा नाकावर ओढून दोन बोटांनी शिकलात, हे मान्य. मग मला हौस आली. वर्कशॉपचं नाव डावीकडून हळूच सरकत यावं, फोटो एकेक करून उजळावेत, आणि सगळ्यांत वर दोन गिअर एकमेकांत दात अडकवून फिरत राहावेत. ते फिरवायला मला तीन दिवस लागले. त्याच्यावर चिठ्ठी लिहिली: अण्णा, याला हात लावू नका.

दाखवायला आणलं त्या दिवशी चाकणच्या एका कंपनीचे परचेसवाले साहेब बसलेले. नाव सरकत आलं, फोटो उजळले, गिअर फिरायला लागले. तुम्ही वाकून बघितलंत आणि गाळा दणाणेल असे हसलात. "अगं येडे, दोन्ही एकाच अंगाला फिरत्यात की! दात मोडून हातात येतील. बघा साहेब, पोरीनं आमची कंपनीच बंद पाडली!" साहेब हसले. दादाही हसला, ज्याला तुम्ही बोलेपर्यंत काही दिसलंच नव्हतं. आणि तुमचं खरं होतं, याचीच जास्त चीड आली. गिअर कापणाऱ्याची मुलगी, आणि ही चूक! पण अण्णा, एक दिवस, एकच दिवस मला त्या मशीनपाशी उभं केलं असतंत, तर झाली असती का? मी चहा तसाच ठेवून निघाले. पुढे हिंजवडीत नोकरी लागली, घरी येणं सणापुरतं उरलं.

साइट मात्र तुम्ही नीट सांभाळलीत. दरवर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा, म्हणून दुपारनंतर बंद, हे तुम्हीच लिहायचात. फोन नंबर बदलला, तोही तुम्हीच. गिअर तेवढे तसेच चुकीचे फिरत राहिले, कारण हात लावू नका असं मी लिहून ठेवलं होतं. त्या चिठ्ठीखाली तुमची एक ओळ आहे, इंग्रजी अक्षरांत मराठी: "दोन नंबरचा उलटा फिरव. तुला सवड होईल तेव्हा. मी हात लावला नाही." हसायचं ते चारचौघांत, आणि विनवायचं ते असं कुणाला दिसणार नाही तिथे. वा रे न्याय!

दुसरा गिअर उलटा फिरवायला फाइलमध्ये एक शब्द घालायचं काम होतं. आज तो घातला. आता बरोबर फिरतायत, आणि संध्याकाळी मी सगळंच काढून टाकणार आहे. हेही तुमच्या त्या ओळीखालीच लिहितेय, सेव्ह न करता बंद करेन.

एक राहिलं. तुमची ती ओळ मला आज सापडलेली नाही, अण्णा. तुम्ही अंथरुणाला खिळायच्या आधीच्या खंडेनवमीला मी फाइल उघडली होती, तेव्हाच वाचली होती. तो शब्दही तेव्हा मला येत होता. मी फाइल मिटली आणि मनात म्हटलं, येऊ देत एकदा पाया पडायला, मग बघू.