वहिनीच्या गोळ्या

मंगळवार, १७ मे १९८८, मुलुंड

आज हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, दादावर ओरडले. सख्ख्या मोठ्या भावावर. ओरडायलाच हवं होतं.

वहिनीच्या थायरॉईडच्या गोळ्या त्याने दिवाळीत बंद केल्या. म्हणे, जन्मभर गोळ्या कसल्या, सवय लागते. तेव्हापासून ती सुजत गेली, मंदावत गेली. मे महिन्यात स्वेटर! जेवली की पोट धरून बसायची, म्हणून जेवायलाच घाबरायची. दादाचं एकच, "गॅस आहे, नाटकं आहेत." अरे, आपण घामाने निथळतोय आणि बायको स्वेटर घालून बसलीय, दिसत नव्हतं तुला?

परवा ती कळवळून पडली. ऑपरेशन करून आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, थायरॉईड मंदावलं की हृदयही मंदावतं, आतड्याला रक्त कमी पोचतं. जेवल्यावर तर ते जास्तच लागतं, म्हणून दुखायचं. तेवढंच कारण असेल असं नाही, पण गोळ्या थांबवायला नको होत्या.

यावर दादा काय म्हणाला? "मला काय माहीत?" माहीत नव्हतं तर बंद कशाला केल्यास?

संध्याकाळी वहिनीने डोळे उघडले. दादा पायथ्याशी उभा होता. तिने माझा हात धरला. "सुमे, घरी गेले की गोळ्या माझ्याजवळ ठेव. ह्यांच्या हातात देऊ नकोस."

इतक्या वर्षांत त्याच्याविरुद्ध तिचा हा पहिलाच शब्द. तो मान खाली घालून बाहेर गेला. मी त्याला थांबवलं नाही.