दार लावून बसल्यावर

प्रिय बाबा,

पत्र बघून आधी घाबरू नका, इथे सगळं बरं आहे. आईचा गुडघा तसाच आहे, म्हणजे ती कुरकुरते पण तीन मजले चढते. फोन सोडून हे काय नवीन, असं तुम्ही आत्याला विचारत असाल. फोनवर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला "जेवलीस का" वर येता, मी "हो" म्हणते, आणि सांगायचं ते राहून जातं. गेले सात महिने राहतंय. मराठीत एवढं लांब मी शाळेतसुद्धा लिहिलं नव्हतं, तेव्हा चुका दिसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा. हे पत्र साहेबांच्या गाडीबद्दल आहे. मागच्या डाव्या काचेबद्दल.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तुमच्यावरच शेकलं ते. तरी मला पहिल्यापासून लिहू द्या, नाहीतर माझं गाडं पुढे सरकणार नाही. साहेबांच्या आईला, म्हणजे आजींना, बंद गाडीत मळमळतं. त्यांना काच खाली हवी आणि तुम्हाला धूळ नको. चौदा वर्षं तुमची दोघांची ही भांडणं चालली होती. "आजी, काच वर घ्या, सीटवर शेती करायचीय का?" आणि त्या म्हणायच्या, "तू पुढे बघ, माझ्या काचेकडे बघू नकोस." घरी येऊन तुम्ही त्यांचा आवाज काढून दाखवायचात आणि आई हसून हसून बेजार व्हायची. मग ती काच अधूनमधून अडकायला लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा भर दुपारी सिग्नलला आजींना उलटी झाली, त्या काचेवर हात आपटायला लागल्या, आणि तुम्ही गाडी बाजूला घेऊन धावत जाऊन दार उघडेपर्यंत त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. घरी गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, हा मुद्दाम लॉक करतो. तुमच्या बाजूला ते बटण आहेच ना, मागच्या काचांची बटणं बंद करायचं, लहान मुलांसाठी दिलेलं. तुम्ही सांगत राहिलात की मी त्याला हात लावला नाही. साहेबांनी गाडी मी काम करते त्या सर्व्हिस सेंटरला पाठवली, रिपोर्ट आला की बिघाड काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही किल्ली टेबलावर ठेवून आलात. महिनाभरात तुम्ही आत्याच्या गावाला जाऊन माल पोचवायची व्हॅन चालवायला लागलात. जाताना बॅग भरता भरता तुम्ही म्हणालात, काम गेल्याचं काही नाही गं, पण म्हाताऱ्या माणसाला मी कोंडून ठेवीन असं त्यांना वाटलं कसं?

आता माझ्याकडचं ऐका. सेंटरमध्ये मला आता सगळे काचवाली म्हणतात. पॉवर विंडोची कुठलीही तक्रार आली की सुपरवायझर लांबूनच ओरडतो, "काचवाली, तुझा पाहुणा आलाय." मला खरंच वेड लागलंय ह्याचं. लोकांना वाटतं काच अडकली म्हणजे मोटर गेली. बहुतेक वेळा मोटर बिचारी धडधाकट असते. बटण दाबायचं आणि गाडीतल्या दिव्याकडे बघायचं. दिवा किंचित मंद झाला तर करंट मोटरपर्यंत पोचतोय, मग अडचण मोटरमध्ये किंवा काच सरकते त्या पट्टीत. दिवा ढिम्म असेल तर करंट वाटेतच कुठेतरी अडलाय, मग बटण, फ्यूज, तार असं एकेक शोधत जायचं. एवढ्याशा दिव्यावरून अर्धं काम होतं, बाबा. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून ओढत खाली नेऊन शेजाऱ्यांच्या गाडीत दाखवलं होतं. ती म्हणाली, छान आहे, पण माझा गॅस चालू आहे.

तर दोन आठवड्यांपूर्वी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या. आवाज असा की अख्ख्या तलावाला ऐकू जावा. तक्रार तीच, मागची काच कधी चालते कधी नाही. मी नेहमीसारखं केलं. दार उघडलं, सीटवर आडवी टेकले, पाय बाहेर, आणि बटण दाबलं. चालली. वीस वेळा दाबलं, वीस वेळा चालली. कॉम्प्युटर लावला, त्यातही काही नाही. मी बाईंना सांगितलं, मॅडम, काच व्यवस्थित आहे. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाय बाहेर ठेवून काय कळतंय तुला? मी अशी बसते का? आत बस नीट, दार लाव." मला हसू आलं, पण बसले. दार लावलं. बटण दाबलं आणि काच हललीच नाही. दार उघडलं, चालली. लावलं, बंद. बाई बाहेरून काचेवर टकटक करून म्हणाल्या, "आता कळलं?"

सांगते काय होतं ते. दाराच्या बिजागरीपाशी एक रबराची नळी असते, बोटाएवढी जाड. गाडीच्या अंगातून दारात जाणाऱ्या सगळ्या तारा त्यातून जातात. दार उघडलं-लावलं की त्या वाकतात, सरळ होतात, वर्षानुवर्षं. एक दिवस आतलं तांबं तुटतं, पण वरचं प्लास्टिक शाबूत राहतं, म्हणून बाहेरून तार चांगलीच दिसते. दार उघडं असलं की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात. दार लावलं की ती एकमेकांपासून सुटतात. आणि आम्ही सगळे मेकॅनिक, झाडून सगळे, दार उघडं ठेवूनच तपासतो, कारण उभं राहायला तेच सोयीचं. दार लावून फक्त गिऱ्हाईक बसतं.

मी त्या बाईंची तार जोडली, त्या गेल्या, आणि मी हात न धुताच पायरीवर बसून राहिले. कारण तुमचं एक वाक्य आठवलं. पहिल्याच दिवशी तुम्ही आईला सांगत होतात, "अगं, मी माझ्या बाजूच्या बटणानंही खाली घ्यायला बघितली, तरी गेली नाही." बाबा, लॉकनं फक्त मागची बटणं बंद होतात. ड्रायव्हरचं बटण चालूच राहतं. तुम्ही लॉक केलं असतं तर तुमच्या बटणानं काच गेलीच असती. हे मला कोर्समध्ये पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. तुम्ही शिकला नव्हतात, तुम्ही फक्त जे झालं ते सांगत होतात, आणि ते एक वाक्य पुरेसं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी साहेबांकडे गेले. आईला सांगितलं मैत्रिणीकडे जातेय. गाडी तीच आहे, ड्रायव्हर नवा. तो म्हणाला, ती काच कोणी उघडतच नाही, एसी असतो. आणि आजी? आजी तेव्हापासून गाडीत बसल्याच नाहीत. डॉक्टरसुद्धा घरी येतो. त्या व्हरांड्यात खुर्चीवर होत्या, मला बघून म्हणाल्या, "तू त्याची ना? नाक त्याचंच आहे." मी म्हटलं, आजी, मला फक्त अर्धा तास गाडी द्या. त्यांनी साहेबांना हाक मारली. साहेब नको म्हणायच्या बेतात होते, पण आजी म्हणाल्या, बघू दे रे तिला, पोर लांबून आलीय.

मी दाराचं आतलं पॅनल काढलं, मोटरकडे जाणाऱ्या तारांना छोटा दिवा जोडला, नवीन ड्रायव्हरला बटण दाबून धरायला सांगितलं आणि साहेबांना म्हटलं, दिव्याकडे बघा. दार उघडं, दिवा लागला. दार लावलं, विझला. चार वेळा केलं. मग रबराची नळी मागे सारून एकेक तार हलकेच ओढून बघितली. चांगली तार ताणली जात नाही. सहावी तार, हिरवी, रबरासारखी लांब झाली. आत काहीच नव्हतं. तेवढा तुकडा कापून मी व्हरांड्यात आजींच्या हातात दिला, त्यांनीही ओढून बघितला. दोनदा. आणि मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तो खरं सांगत होता." मी हो म्हटलं. त्या पुढे म्हणाल्या, "मला श्वास घेता येईना गं. मला वाटलं, आता मी जाते. कोणावर तरी राग काढायचा तर समोर तोच होता." बाबा, त्यांच्यावर चिडायचं मी घरून ठरवून गेले होते. नाही जमलं. त्यांनी तो तुकडा पदरानं पुसून मला परत दिला. तार जोडून झाल्यावर त्या स्वतः चपला घालून आल्या, मागच्या सीटवर बसल्या, दार ओढून घेतलं आणि काच वर-खाली करत बसल्या, लहान मुलासारख्या. मी बाहेर उभी होते. काच खाली आली की त्यांचा चेहरा दिसायचा, आणि दर वेळी त्या विचारायच्या, "तो येईल का?"

मग साहेबांनी विचारलं, "पण तुमच्याच सेंटरचा रिपोर्ट होता ना? बिघाड नाही म्हणून? तपासली कोणी होती?"

मी तपासली होती, बाबा. तुम्हाला आणि आईला मी सांगितलं होतं की दुसऱ्या कोणीतरी केली, माझी त्या दिवशी सुट्टी होती. सुट्टी नव्हती. तुमची गाडी म्हणून मीच मागून घेतली होती, मोठ्या उत्साहानं, की बघा, मी लगेच बिघाड काढते आणि बाबांना सोडवते. दार उघडं ठेवून पन्नास वेळा बटण दाबलं, काही सापडलं नाही, आणि मला काही सापडलं नाही म्हणजे काही नसणारच, असं मला वाटलं. बिघाड नाही एवढं लिहून मी थांबले नाही. खाली लिहिलं, मागच्या काचांचं लॉक चालू राहिलं असण्याची शक्यता. ते कोणी मला विचारलं नव्हतं. तुमच्या धुळीच्या गोष्टी आठवून मी मनात म्हटलं, बाबांचा चुकून हात लागला असेल. खाली माझी सही आहे. साहेबांना मी हे तिथेच, आजींसमोर सांगितलं.  ते म्हणाले, रविवारी मी त्यांना फोन करतो, परत या म्हणतो, आणि हेही सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगा, पण रविवारपर्यंत थांबा, आधी मला सांगू द्या. म्हणून हे पत्र. साहेबांकडे परत जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्याकडे बघून ठरवू नका. आईला मी आज संध्याकाळी सांगणार आहे. आणि शनिवारच्या पहिल्या बसनं मी तिकडे येतेय. बोलायचं नसलं तर नका बोलू, मी बसून राहीन. ओरडायचं असलं तर पोटभर ओरडा, फक्त आत्या घरात नसताना. ती लगेच माझी बाजू घेते, आणि ह्या वेळी माझी बाजू कोणी घ्यायला नको आहे मला.

तुमचीच,
धाकटी