गोल झाला आणि झालाही नाही

१ जानेवारी
यंदा संकल्प एकच. प्रबंध ३१ मार्चच्या आत युनिव्हर्सिटीत. मिळालेली मुदतवाढ शेवटची आहे, असं ऑफिसातल्या बाईंनी अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. नंतर नोंदणी रद्द म्हणे. तशी वेळ येणार नाही. पाचपैकी चार प्रकरणं तयार. पाचवं ‘उपयोजने’. स्वयंपाक झालाय, वरून कोथिंबीर टाकायची तेवढी राहिली.
विषय स्वतःलाच पुन्हा सांगून ठेवतो, व्हायवाला उपयोग होईल. साध्या तर्कशास्त्रात विधान खरं असतं किंवा खोटं. माझ्या तर्कशास्त्रात किमती चार: खरं, खोटं, दोन्ही, आणि दोन्ही नाही. म्हणजे आपली बौद्ध तर्कातली चतुष्कोटी. साध्या तर्कशास्त्रात एक विसंगती शिरली की काहीही सिद्ध करता येतं, सगळ्या डोलाऱ्याचा स्फोट होतो. माझ्यात होत नाही. मोठी गोष्ट आहे. मी शिकवतो त्या कॉलेजात कुणाला पत्ता नाही.
उद्यापासून पाच वाजता उठणे.

२ जानेवारी
पाच वाजता उठलो होतो. नंतर परत झोपलो. तेव्हा उठलो नाही असं म्हणता येणार नाही.

६ जानेवारी
नेसरीहून आप्पांचा फोन. आजऱ्याच्या काजू कारखान्यात आयुष्य घालवून मला एम.एस्सी. केलेला माणूस. आधी तब्येत, मग शेजाऱ्याची म्हैस, मग हळूच, “झाली का रं तुझी ती पीएचडी?”
“झाल्यातच जमा,” म्हणालो. खोटं बोललो नाही. किंमत: दोन्ही.
श्रुती भाकरी थापत होती. म्हणाली, “झाल्यातच जमा म्हंजे झाली न्हाय. तसं सांगा की म्हाताऱ्याला.” बायको प्राथमिक शाळेत शिकवते. बरोबर आणि चूक, एवढ्या दोनच किमतींत तिची नोकरी भागते. मी वाद घातला नाही.

२० जानेवारी
गाईडला भेटलो. डॉ. विद्याश्री मॅडम. निपाणीकडच्या. माझ्याहून वयानं लहान आहेत. मला ते अजिबात खटकत नाही, म्हणून मी ते पुन्हा लिहिणार नाही.
मॅडम म्हणाल्या, “सर, उपयोजन म्हणजे कुठंतरी खरोखर वापरून दाखवायचं. दोन उलटी विधानं एकदम आली, आणि तरी तुमच्या तर्कशास्त्रानं उपयोगाचा निर्णय काढला, असं काहीतरी आणा ओ.” मग म्हणाल्या, तिसऱ्या प्रकरणातला मुख्य सिद्धांत पुन्हा तपासा, मधली एक पायरी सरळ वाटत नाही.
तपासायची गरज नाही. तिसरं प्रकरण मी स्वतः लिहिलंय.

२ फेब्रुवारी
उपयोजन शोधतोय. सकाळी घरातच विसंगती सापडली. मी म्हणत होतो दूध आहे, श्रुती म्हणत होती संपलं. आनंदानं कागद घेऊन बसलो. तेवढ्यात तिनं फ्रिज उघडून दाखवला. दूध नव्हतं. उपयोजन गेलं, चहाही गेला.
लोकांना लगेच फ्रिज उघडायची घाई. संशोधनाला हे मारक आहे.

१६ फेब्रुवारी
सापडलं!
श्रुतीचा भाऊ संग्राम आला होता. चिंचबन तालमीच्या फुटबॉल टीमचा कारभारी. काल सेमीफायनलला चिंचबन आणि वरली गल्ली भिडले. शेवटच्या मिनिटाला चिंचबनचा फटका वरच्या दांड्याला लागून खाली पडला. रेषेच्या आत की बाहेर? रेफ्रीनं गोल दिला. वरली गल्ली मैदानात उतरली. रेफ्रीनं गोल काढून घेतला. मग चिंचबन उतरली. रेफ्री अजून घरी पोचलेला नाही असं ऐकतो.
आता स्पर्धा कमिटीनं निवाड्यासाठी तीन माणसं नेमायची ठरवलीत. दोन तालमींची एकेक, आणि तिसरा कुठल्याच तालमीचा नसलेला. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत असा माणूस कुठून आणणार? संग्राम म्हणाला, “दाजी, तुम्ही शिकलेलं, त्यात नेसरीचं. तुमच्यावर कोण डाउट घेणार न्हाय.”
गोल झाला. गोल झाला नाही. दोन उलटी विधानं, एकाच वेळी, आणि उघडून बघायला फ्रिज नाही. मी ताबडतोब हो म्हणालो.
श्रुती म्हणाली, “पेठेतल्या भांडणात पडू नका. मी हितंच वाढलेय.” तिला संशोधनातलं साहस कळत नाही.

२२ फेब्रुवारी
साक्षी घेणं चालू. चिंचबनचा प्रत्येक माणूस म्हणतो, बॉल आत जाऊन जाळीला हात लावून आला. वरली गल्लीचे हंबीरराव म्हणाले, “गोल न्हवता. बॉल रेषेवर म्हशीगत बसला हुता.” तुम्ही कुठं उभे होता, असं विचारलं. “मी हुतो आजऱ्याला, लग्नात. पन म्हाईत हाय.”
केवढी खात्री! इतका शुद्ध डेटा परदेशातसुद्धा मिळणार नाही. दोन्ही तालमी साक्ष झाल्यावर जेवायला बसवतात. नाही म्हणणं पक्षपाती ठरलं असतं. दोन्हीकडे जेवलो.

२८ फेब्रुवारी
मॅडमचा मेसेज. तिसरं प्रकरण बघितलं का? ‘चालू आहे’ असं उत्तर दिलं. काहीतरी चालू आहेच.
पाचला उठणे सोमवारपासून. सध्या तालमीतली जेवणं पचायला झोप लागते.

८ मार्च
आप्पांचा फोन. आवाज चढलेला. गावातल्या मंडळानं ठरवलंय, यंदाच्या जयंतीला, १४ एप्रिलला, माझा सत्कार. आमच्या वस्तीतला पहिला डॉक्टर. “बोर्ड करायला टाकलाय. तुझा त्यो कोटातला फोटो दिलाय.”
थांबा म्हणायला पाहिजे होतं. तोंडातून आलं, “कशाला एवढं, आप्पा.” आपल्याकडे कशाला एवढं म्हटलं की समोरचा आणखी दोन हार सांगतो. आप्पांनी बँजोही सांगितला.
काळजीचं कारण नाही. ३१ मार्चला प्रबंध गेला की पदवी ही केवळ औपचारिकता. १४ एप्रिलला मी डॉक्टर असेन आणि नसेन. माझ्या विषयात हे बसतं.

१५ मार्च
निकालपत्र तयार. उद्या संध्याकाळी मैदानावर वाचायचं. कमिटीतल्या दुसऱ्या दोघांना दाखवलं. एकानं डोकं खाजवलं, दुसरा म्हणाला, “सर, तुम्ही म्हंजे काय, शिकलेलं. वाचा की.” एकमत झालं.
हे प्रकरण छापून आल्यावर कोल्हापूरचं नाव कुठल्या कुठे जाईल.

१६ मार्च, रात्री साडेआठ
मुद्देसूद लिहितो.
माइक माझ्या हातात. एका बाजूला चिंचबन, दुसऱ्या बाजूला वरली गल्ली, मधे पोलीस. मी पार्श्वभूमी सांगितली, चार किमती सांगितल्या. लोक शांतपणे ऐकत होते, हे नोंदवून ठेवायला हवं. मग मी निर्णय वाचला. गोल झाला आहे हे खरं. गोल झालेला नाही हेही खरं. माझ्या तर्कशास्त्रात यानं कुठलाही स्फोट होत नाही.
कुणीतरी ओरडलं, “मास्तर, फायनल कोन खेळनार त्ये सांगा की!”
“दोघंही,” मी म्हणालो.
“आनि दुसऱ्या सेमीतनं आलेली पल्याडची टीम?”
“तीही.”
पुढचं नीट आठवत नाही. आधी एक खुर्ची आली, मग पुष्कळ. संग्रामनं मला हाताला धरून पॅव्हेलियनच्या मागून काढलं आणि म्हणाला, “दाजी, आमच्या बाजूनं न्हाय तर न्हाय, निदान त्यांच्या बाजूनं तरी बोलायचं हुतं! हे काय केलंसा?”

१७ मार्च
स्कूटरच्या दोन्ही चाकांत हवा नाही. श्रुतीला चौकात कळलं, पुढचं चाक चिंचबननं सोडलं, मागचं वरली गल्लीनं. या दोन तालमींनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असावं. त्याचं श्रेय मला कुणी देणार नाही.
कमिटीतल्या उरलेल्या दोघांनी चहाच्या गाडीवर उभ्या उभ्या निकाल दिला. मॅच परत खेळवायची. यात तर्कशास्त्र कुठे आहे? दोन्ही तालमी मात्र कबूल झाल्या.
श्रुतीनं पंप आणून दिला.

२४ मार्च
पाचवं प्रकरण मॅडमना दिलं. ‘स्थानिक क्रीडाविवादात चतुर्मूल्य तर्कशास्त्राचे यशस्वी उपयोजन.’ खुर्च्या गाळल्या. त्यांना कुठलीच किंमत देता येत नव्हती.

२९ मार्च
मॅडमनी बोलावलं. पाचव्याबद्दल म्हणाल्या, “सर, हे उपयोजन न्हवे, ही भांडणाची बातमी आहे.” तेवढं चाललं असतं. मग तिसरं प्रकरण काढलं आणि एका ओळीवर पेन्सिल ठेवली.
मी लिहिलेलं असं: एक तर अ, नाहीतर ब. अ नाही. म्हणून ब.
मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “ही पायरी तुमच्या तर्कशास्त्रात चालत न्हाई, सर. अ एकदम खरं आणि खोटं असलं तर ब कुठनं आणणार? पहिल्या प्रकरणात तुम्हीच सिद्ध केलाय.”
पहिलं प्रकरण काढून बघितलं. केलंय. सुंदर केलंय. आणि मुख्य सिद्धांत, त्यामागोमाग अख्खं चौथं प्रकरण, याच एका पायरीवर उभं. दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं असतं तर दुरुस्त झालं असतं, असं त्या म्हणाल्या. सही करणार नाहीत.
माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत.

३१ मार्च
ऑफिस पाचला बंद झालं. मी समोरच्या कट्ट्यावर बसलो होतो. कशासाठी ते माहीत नाही. बाई कुलूप लावून जाताना म्हणाल्या, “नव्यानं रजिस्ट्रेशन करा की. एंट्रन्स असते जूनला.” माझे दोन विद्यार्थीही त्याच एंट्रन्सला बसणार आहेत. त्यांचा क्लास मीच घेतो.

५ एप्रिल
शांतपणे विचार केला. नोंदणी रद्द झाली म्हणजे संशोधन रद्द झालं असं नाही. डॉक्टर ही मुळात मनाची अवस्था. आप्पांना आताच सांगितलं तर त्यांचं बीपी वाढेल. न सांगणं ही माझी जबाबदारी आहे.
श्रुती म्हणाली, “बीपीचं निमित्त करू नका. तुमची फाटतीया.” शिक्षिकेच्या तोंडी ही भाषा.

१३ एप्रिल
नेसरी. फाट्यावरच बोर्ड. ‘डॉ. प्रसेनजीत यांचे हार्दिक अभिनंदन.’ फोटो चांगला आलाय.
आईनं पुरणपोळ्या केल्यात. आप्पा घरोघरी जाऊन आमंत्रणं देत फिरतायत, गुडघा दुखत असताना. संध्याकाळी श्रुती तीनदा माझ्याकडे बघत राहिली. आप्पा दमलेत. उद्या सकाळी सांगेन. सकाळी डोकं ताजं असतं.

१४ एप्रिल
सकाळी गर्दी होती. सांगायला जमलं नाही.
विहाराकडे निघालो. आप्पा नवा पांढरा सदरा घालून पुढे, मी मागे. वळणावर ते थांबले. बँजो वाजत होता, म्हणून माझ्या कानाजवळ आले. म्हणाले, “काल रातच्याला सूनबाई रडत हुती. कायतरी हाय. तू डॉक्टर झालास, व्हय का न्हाय?”
मी सुरुवात केली, “आप्पा, त्याचं असं आहे...”
ते नुसते बघत राहिले.
“न्हाय,” मी म्हणालो.
आप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि चालायला लागले. वंदना झाली. सत्काराची वेळ आली तेव्हा मंडळाच्या पोराच्या हातातून त्यांनी माइक घेतला. मी त्यांना जन्मात माइकवर बोलताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, “पोरगा अजून डॉक्टर झाला न्हाय. त्यो मला तसं बोलला बी न्हवता. म्हाताऱ्याला दम निघाला न्हाय, मीच गडबड केली. चूक माझी हाय, त्याला कोन काय बोलू नका.” मग माझ्यासाठी आणलेली शाल त्यांनी वस्तीतल्या चिमणाबाईच्या नातीला दिली. ती नर्सिंगला पहिली आलीय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मान वर करता येत नव्हती.
घरी आल्यावर आप्पा पुरणपोळी जेवले. माझ्याशी पाणी मागण्यापुरतं बोलले.