पाचवा धोंडा

बा, परवा येळवस झाली, रानात कोप मांडून जेवायची अवस, आणि मी त्याच शेतात जेवायला गेले होते. मी आता बी.ए. झाले आहे. आपल्या घरात पाटीला हात लावलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. राणीसावरगावपासून दोन कोसांवरच्या शाळेत शिकवते, आणि रोज सकाळी मुलांना सांगते की खरं बोलावं, मग काहीही होवो. लोकांसमोर मी तुला ‘आमचे वडील’ म्हणते. पण इथे लिहिताना ‘तुम्ही’ हा शब्द हातातून उतरत नाही.

ते शेत ज्या गावात, तिथे तुझ्या नावाची अजून चेष्टा चालते. कुणाची बैलगाडी जागची हलली, कुणाचा खुंटा सरकला, की कुणीतरी म्हणतं, “धनगरानं हालवला असंल,” आणि पारावरची माणसं हसतात. बा, तो धोंडा मी हलवला होता. ते तुला आणि मलाच ठाऊक होतं. नोकरी लागली तेव्हाच मी ठरवलं होतं की त्या शेतात उभं राहून, त्याच माणसांसमोर हे सांगायचं आणि तुझ्यावरचा आळ पुसायचा.

पोलीस ॲक्शननंतरची ती दुसरी येळवस. ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या धास्तीनं आपण कळप घेऊन डोंगरातच होतो. त्या साली ह्या शेताच्या मालकांनी खतासाठी आपली मेंढरं त्यांच्या रिकाम्या तुकड्यात बसवून घेतली. मला आई नाही हे पाहून मालकीण काकूंनी सणाच्या तयारीला हाताशी घेतलं. तीन दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. वालाच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या शेंगा सोलून बोटं हिरवी झाली. ज्वारीचं पीठ ताकात कालवून माठात आंबील मुरायला ठेवली, बाजरीचे उंडे वळले. माझा उंडा फुटला की काकू म्हणायच्या, “पोरी, ही मेंढी न्हाई, मान धरून दाबायला.” मी इतकी खूश होते की सांजेला पालावर आल्यावरही हात धुवायची नाही, वास जाईल म्हणून.

आदल्या दिवशी ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभी राहिली. आत पाच पांडव म्हणून पाच धोंडे चुन्यानं रंगवून मांडायचे होते, पण जुन्यातला एक फुटला होता. “वढ्यातून एक गुळगुळीत बघून आन, बाकीच्यांच्या मापाचा,” काकू म्हणाल्या. ओढा लांब होता. बांधाच्या टोकाला एक धोंडा वीतभर वर आलेला दिसला, अगदी मापाचा. मी तो हलवून हलवून उपटला आणि घोंगडीत गुंडाळून आणला. हद्दीची खूण म्हणून धोंडा पुरतात हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याला बांध कुठला? मेंढरं चरतील तिथवर रान. शेतकऱ्याच्या चार वर्षांच्या लेकरानंही ती चूक केली नसती. मी त्याला दोनदा चुना लावला, वर कावेचे ठिपके दिले.

पलीकडचं शेत मालकांच्या चुलतभावाचं. दोघांत हातभर जमिनीवरून दोन वर्षं वाद होता आणि त्याच उन्हाळ्यात मोजणी होऊन तो धोंडा पुरला गेला होता. सणाच्या सकाळी त्यांना बांधावर ताजा खड्डा दिसला. ते माणसं घेऊनच आले. मला अजून दिसतं, मालक कोपीपुढं नारळ फोडायलेत, आणि चुलतभाऊ आत वाकून बघतात, सरळ होतात.

“माजी हद्द उपटून देव केलाव व्हय, दादा?”

“कशाची हद्द? सणाचं तोंड सांभाळून बोल.”

“सणच करतो आता तुमचा.”

पहिली काठी मालकांच्या मनगटावर बसते. हाड मोडल्याचा आवाज मी तोवर मेंढराच्याच पायाचा ऐकलेला. मग मालकांचे गडी विळे घेऊन धावतात. कुणाचा तरी कान फाटून गळ्यावर लोंबतो. आंबिलीचा माठ फुटतो, पांढरी आंबील आणि रक्त काळ्या मातीत एकाच ओघळानं चालू लागतं. काकू पदर पसरून मध्ये पडतात आणि त्यांना कुणीतरी लाथेनं बाजूला करतं. एकजण कुऱ्हाड उचलतो. मी कोपीमागं, हाताला चुना लागलेली. तू आधी माझे हात पाहिलेस, मग तो धोंडा. आणि मेंढरं सोडून त्या सगळ्यांच्या मध्ये गेलास.

“थांबा. धोंडा म्या काडला,” तू म्हणालास. “खुंटा ठोकायला पायजे व्हता.”

सगळे थांबले. त्यानंतर जे झालं त्याचा मी कॉलेजात खूप विचार केला. एका क्षणापूर्वी एकमेकांचे गळे धरणारे ते भाऊ तुझ्याकडं वळले, आणि दोघांच्या काठ्या एकाच तालात पडायला लागल्या. मालक मोडलेला हात छातीशी धरून डाव्या हातानं मारत होते. तू डोकं दोन्ही हातांत घेऊन गुडघ्यावर बसलास. कुऱ्हाडीचा दांडा बरगडीवर बसला तेव्हा तू खोकलास, फक्त एकदा. मग त्यांनी धोंडा तुझ्या डोक्यावर देऊन बांधापर्यंत न्यायला लावला, तुझ्याच हातानं पुरून घेतला. परत येताना दोघे भाऊ एकमेकांच्या जखमा बघत बोलत होते.

आणि येळवशीला रानातून कुणी उपाशी जाऊ नये म्हणून काकूंनी तुझ्यापुढं द्रोण ठेवला. तू खाल्लंस. ओठ फाटले होते, तरी खाल्लंस.

पालावर येताना मी रडत म्हटलं, “मी सांगते त्यास्नी.” तू म्हणालास, “तोंड मिट. तुला एक काठी लागली असती तर मला काठी उचलावी लागली असती. मंग पाल जळालं असतं. मला मारलं, मिटलं.” आखाडाच्या आधीच रक्त ओकत तू गेलास. मिटलं नव्हतं, बा.

तर परवा. काकूंनीच निरोप धाडला होता, “बाईला म्हनावं, सनाला ये.” मी आदल्या दिवशीच गेले, पुन्हा शेंगा सोलल्या. दुपारी सगळे कोपीपुढं बसले, दोन्ही भावांची पंगत आता एकच असते. मालकांचं मनगट वाकडंच बसलंय. मी उभी राहिले. मी सगळं सांगितलं. धोंडा मी काढला, माझ्या वडिलांनी नाही, ते माझ्यासाठी खोटं बोलले. तुमच्या माराने गेले, असंही मी म्हणाले.

काकूंनी मान खाली घातली. मग चुलतभाऊ मालकांकडं वळून म्हणाले, “मंग आपुन उगंच मारला की, दादा.”

मालक म्हणाले, “लय गुनी मानूस. तेव्हाच सांगायचं न्हाई का, बाई, आमचे हात तरी दुखले नसते.”

आणि पंगत हसली. वाईट मनानं नाही. जुनी गोष्ट निघाल्यावर माणसं हसतात तशी.

मी कॉलेजात समतेवर भाषणं केली आहेत, बा. अन्यायापुढं मान तुकवू नये असा निबंध लिहून बक्षीस घेतलं आहे. त्या वेळी मला त्या पंगतीतून उठून जाता आलं असतं. शेजारी विळा पडला होता, तोही मी पाहिला.

हे पत्र तुला पोहोचवायची सोय असती तरी मी ते पाठवलं नसतं. कारण ते सगळे हसले, आणि सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मीही हसले.