पाइपावर टकटक झाली नाही

प्रिय इलारी,

पिशवीत अक्रोड आहेत, बकरीचं चीज आहे, आणि शेजारच्या झिनोव्हियाने तुझ्यासाठी भोपळ्याची पोळीही दिलीय. पत्र मात्र मी पिशवीत घातलेलं नाही, मिनीबसवाल्याच्या हातात वेगळं दिलंय, कारण पिशवी तुझ्या बाबांनी बांधली. त्याच गाडीने तू इटलीहून घरी येणार आहेस, तर बाळा, गाडीत बसायच्या आधी हे वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोन त्यांच्या उशाशी असतो आणि मला त्यांनी शपथ घातलीय. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

बाबांनी तुला एवढंच कळवलं ना, की नळाला जोर नाही, येताना पंपाच्या टाकीतला रबरी फुगा घेऊन ये? ते खरंच आहे. द्राक्षं खुडून झाली तेव्हापासून हे सुरू झालं. नळ सोडला की भस्सकन पाणी, मग नुसती धार, मग पुन्हा भस्सकन. अंघोळीला बसलं की अंगावर साबण तसाच. पंप सारखा चालू-बंद, चालू-बंद, खालून टिकटिक ऐकून माझं डोकं उठायचं. झिनोव्हिया कुंपणावरून ओरडायची, "अगं प्रोफिरा, तुमच्या नळाला उचकी लागलीय, कोणीतरी आठवण काढतंय बघ!" मी म्हणायची, माझा इलारी काढतोय. तुझे बाबा कुणाला बोलावतील तर शपथ! त्यांनी टाकी वाजवून बघितली, वरचा भाग पोकळ वाजायला हवा तर सगळी भरीव. हवा भरायच्या तोंडाशी खिळा दाबला, तर हवेऐवजी पाणी आलं. "फुगा फाटलाय," म्हणाले, "तो इलारी आणेल. पण धार एवढी बारीक का? गाळणीसुद्धा तुंबली असणार." आणि उतरले पंपाच्या खड्ड्यात.

तो खड्डा खणला तेव्हा किती खूश होतो आपण! थंडीत पाइप गोठायला नकोत म्हणून तळघरातच केला, वाइनच्या पिंपांमागे, सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात. द्राक्षांचा रस आंबून खदखदायला लागला की पेटती मेणबत्ती घेतल्याशिवाय तळघरात पाऊल टाकायचं नाही, हे तुला चालायला लागल्यापासून शिकवलं. ज्योत विझली की आल्या पावली मागे. बाबांनी आयुष्यात ते कधी चुकवलं नाही. पण खड्ड्याशी आले की मेणबत्ती पायरीवर ठेवून मोकळे! मी एकदा म्हटलं, तिथेही न्या की. तर मलाच हसले, "अगं वेडे, मेणबत्ती वाइनला लागते. इथे पाणी आहे, पाण्याला कसली मेणबत्ती?" मलाही पटलं रे. रस आंबताना सुटणारी ती श्वास कोंडणारी जड हवा खाली खाली सरकत शेवटी त्याच खड्ड्यात साचणार, हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी सकाळी आमचं नेहमीचंच चाललं होतं. ते खाली, मी स्वयंपाकघरात नळापाशी. त्यांनी पाइपावर एकदा टकटक केली की मी नळ सोडायचा, दोनदा केली की बंद. एकदा झाली. मी सोडला, आणि काय सांगू, अशी जोरदार धार आली की भांडं हातातून निसटलं! मी आनंदाने ओरडले, "आलं हो, आलं! आता वर या, मक्याची मामालिगा गार होतेय!" दुसरी टकटक होईना. मला वाटलं, चिडवतायत. पुन्हा हाक मारली. पाणी वाहतच होतं, आणि खालून काहीच नाही. मी तशीच तळघराकडे धावले.

आता ते बरे आहेत, घाबरू नकोस. शेजारचा पिंतिलिए धावत आला, पिंपं ओढायचा लोखंडी आकडा वरूनच त्यांच्या पट्ट्यात अडकवला, आणि तो, झिनोव्हिया आणि मी, तिघांनी मिळून वर ओढलं. फासळ्या दुखावल्यात, डोकं ठणकतं. डॉक्टरांसमोर म्हणतात काय, "झोप लागली होती मला." आणि मला दटावून सांगितलं, पोराला बोलायचं नाही, तो उगीच कामावर जीवाला घोर लावून घेईल.

पण पिंतिलिए यायच्या आधीचं त्यांनाही माहीत नाही. मी तळघरात पोचले तेव्हा पायरीवर मेणबत्ती छान जळत होती. ती उचलून खड्ड्यात खाली धरली, आणि ती विझली. बाबांची टोपी मला दिसत होती. माझा एक पाय शिडीवर गेला होता, इलारी. तो मी मागे घेतला. उतरले असते तर दोघंही तिथेच राहिलो असतो. त्यांना तसंच सोडून मी वर पळाले आणि पिंतिलिएच्या नावाने बोंब ठोकली. त्यानंतर नळ सोडायला हात धजत नाही, पाणी विहिरीवरून बादलीने आणते.

खड्डा अजून उघडाच आहे. बाबा म्हणतात, "पोरगा येईल, फुगा बसवील." तुला मी ओळखते, बॅग फाटकात टाकशील, बाह्या वर करशील आणि थेट खाली. नको रे राजा! रस शांत होईपर्यंत त्या फुग्याला हात लावायचा नाही, बाबा कितीही चिडवोत. बाबांच्या वेळी खालून टकटक आली नाही, तरी मला पाय मागे घेता आला. तू खाली असलास तर घेता येणार नाही. मेणबत्ती विझलेली बघूनसुद्धा मी उतरेन, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचीच मला भीती वाटतेय.

फाटकात तुझी वाट बघणारी,
तुझीच आई