बहिणीसाठी चाळीस मिनिटं

कासेल, २२ नोव्हेंबर २००१

चि. लिंडी हिस,
ताईचे अ. उ. आ.

सेप्पच्या कमरेला उतार पडला असेल अशी आशा आहे. त्याला म्हणावं, वाइनची पिंपं उचलायचं वय गेलं आता. नवऱ्याला धाकात ठेवायला तुला शिकवायला नको, पण कमरेच्या बाबतीत तू जरा ढिली पडतेस.

आता बातमी, बसून वाच. फोल्कमारनी मला लग्नाचं विचारलंय. तेच ते, गाण्याच्या मंडळातले, ज्यांच्याबद्दल उन्हाळ्यात लिहिलं होतं. रेल्वेत गाड्यांची वेळापत्रकं बसवायचे, आता निवृत्त आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. तर म्हणाले, घाई नाही, आपण नाताळबाजारांची डॅन्यूबवरची बोट करू आणि व्हिएन्नाला पोचल्यावर काय ते सांगा. खोल्या दोन वेगळ्या घेतल्यात, तेव्हा भुवया खाली घे.

बोट न्युरेंबर्गहून निघते आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी आठ तारखेला, तुमच्या धक्क्याला दुपारभर थांबते. फोल्कमारनी या सगळ्याचा आराखडा केलाय. जानेवारीपासून मार्क जाऊन युरो येणार, म्हणून आम्ही दोघांनी घरातले डबे, कोटांचे खिसे, जुन्या पर्सेस सगळं उपसून मार्क गोळा केले. ते त्यांनी गावागणिक पाकिटांत घातले. पासाउपर्यंत मार्क संपलेच पाहिजेत, पुढे ऑस्ट्रियाच्या शिलिंगांची वेगळी पाकिटं. प्रत्येक पाकिटावर काय घ्यायचं आणि किती वेळ घालवायचा ते लिहिलंय. तुमच्या गावाच्या पाकिटावर असं आहे: भाजलेले बदाम दहा मिनिटं, कॅथेड्रल वीस, भगिनीभेट चाळीस.

मी आधी खूप हसले, मग हसू आटलं. आमच्या संसारात होर्स्ट बाजारात गेला की अख्ख्या गल्लीला पाजून यायचा आणि घर गरम ठेवायचं बिल मी शिवणकाम करून भरायची. तो गेल्यावर हिशेबी माणसाची मला धास्ती वाटू नये खरं तर. पण या वयात कुणी माझ्या हसण्यालाही दहा मिनिटं नेमून देणार असेल, तर मी एकटी बरी. दुसरीकडे, लिंडी, रविवार फार लांब असतो गं.

नाताळबाजारातल्या तुझ्या वाइनच्या स्टॉलवर तू रोज हजार माणसं बघतेस. या माणसाला नीट बघ आणि मला खरं सांग. तोंडावर काही बोलू नकोस, व्हिएन्नाला पत्र पाठव. धक्क्यावरच्या कचेरीचा पत्ता मागे लिहिलाय.

लोभ तुझ्याकडे पुष्कळ आहे, त्यातला थोडा त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेव.
तुझी,
रोझविथा

*

रेगेन्सबुर्ग, २७ नोव्हेंबर २००१

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

चाळीस मिनिटं! आठवण करून देते, मी तुझी सख्खी बहीण आहे, बदामाच्या गाड्याची शेजारीण नव्हे. गेल्या ईस्टरपासून तू मला भेटलेली नाहीस आणि हा गृहस्थ मला दोन कॅथेड्रलांइतका वेळ देतो. वर त्याचे आभार मानू का?

बाजार कालच सुरू झाला. यंदा मसाल्याच्या गरम वाइनचे कप गडद निळे आहेत, त्यावर आपला दगडी पूल. अनामत पाच मार्क. कप परत द्या आणि पैसे न्या. पण मार्कांचा शेवटचा नाताळ म्हणून आठवण ठेवायला जो तो कपच घरी नेतोय. शिवाय बोटींवरून उतरणारे लोक न्युरेंबर्गचे कप आणून आमच्याकडे अनामत मागतात. मी म्हणते, बाई, ज्या गावची वाइन प्यायलात त्या गावाला विचारा. यावर जी भांडणं होतात त्यात माझी दोन गिऱ्हाइकं वाइन न पिताच निघून जातात.

सेप्पची कंबर तशीच आहे. शनिवारसाठी बाजाराच्या कचेरीत एक मदतनीस मागून ठेवलाय. तो आला तर मी तुझ्यासाठी तासभर तरी सुटेन, मग तुझ्या त्या वेळापत्रकवाल्याने घड्याळ काढलं तर काढू दे.

तुझा प्रश्न मी चेष्टेवारी नेत नाहीये, ताई. होर्स्ट गेल्यापासून तू पत्रात हवामान फार लिहितेस. म्हणून या माणसाला मी अगदी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे. पण आधीच सांगते, माझं मत फारसं चांगलं नाही.

माया कमी करू नकोस, आणि मोजून तर मुळीच देऊ नकोस.
तुझी,
लिंडी

*

रेगेन्सबुर्ग, ९ डिसेंबर २००१

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पाय कसा आहे? काल सकाळी बोटीवरच्या मुलीचा फोन आला की न्युरेंबर्गच्या ओल्या दगडांवर तुझा पाय मुरगळलाय, डॉक्टरांनी चालायला बंदी केलीय आणि फोल्कमार एकटाच मला भेटायला येईल. मला रडूच आलं. धक्का स्टॉलपासून जवळ, तू तिथे बसलेली, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. त्याच सकाळी सेप्प अंथरुणातून उठूच शकला नव्हता.

आता तुझं काम. निकाल सोपा आहे, कारण तो आलाच नाही. मी दुपारभर प्रत्येक टोपीखाली बघत होते. तुझा फोल्कमार बहुतेक बदाम खात बसला असेल. बायको करू बघतोस तिची एकुलती एक बहीण हाकेच्या अंतरावर, आणि नेमलेली चाळीस मिनिटंही तुझ्याच्याने देववत नाहीत? ताई, असल्या माणसाला नको म्हण. रविवार लांब वाटला तर माझ्याकडे ये.

कालचा दिवस निभावला तो त्या मदतनिसामुळे. दुपारी बाराच्या सुमाराला कोट-टाय घातलेले एक वयस्कर गृहस्थ स्टॉलच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहिले, किंचित वाकले आणि म्हणाले, थीलेके. मी म्हटलं, थीलेके, फार उशीर केलात, बाह्या वर करा आणि कप धुवायला लागा. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कोट काढून घडी घातली, घड्याळ काढून कोटाच्या खिशात ठेवलं आणि हात पाण्यात घातले.

कचेरीने इतका चांगला माणूस कुठून शोधला देव जाणे. पहिला तासभर मी त्यांच्यावर सारखी खेकसत होते, कप उलटे का ठेवलेत, लवंगा कुठे सांडल्यात. ते फक्त हो म्हणायचे आणि पुढच्या वेळी बरोबर करायचे. मग त्यांनी विचारलं की परवानगी असेल तर एक पिंप सरकवू का. पिंपावर फळी टाकून त्यांनी दोन रांगा केल्या, एक घेणाऱ्यांची, एक कप परत करणाऱ्यांची. म्हणाले, एकाच रुळावर समोरासमोर गाड्या सोडल्या की गर्दी होणारच. इतकी वर्षं हे सेप्पला सुचलं नाही आणि मलाही.

न्युरेंबर्गच्या कपांवरून एक बाई माझ्याशी वाद घालायला लागली तेव्हा तर त्यांनी कमालच केली. खिशातून एक पाकीट काढलं, तिच्या हातावर पाच मार्क ठेवले, कप घेतला आणि तिला नाताळच्या शुभेच्छा दिल्या. असं दिवसभर चाललं. मी रागावले तर म्हणाले, हे पैसे आजच्या आज याच गावात संपवायचे आहेत, आणि भांडण मिटवण्याइतकं चांगलं इथे दुसरं काही विकत मिळेलसं वाटत नाही. सहाच्या आत जायला हवं म्हणून ते अचानक पळत सुटले, मजुरीही घेतली नाही.

ताई, माणूस करायचाच तर असला कर. हे थीलेके एकटे आहेत की नाही ते मी कचेरीत विचारून ठेवते.

पायाला जप आणि या उद्धट पत्राबद्दल नेहमीसारखं रागावून घे.
तुझी,
लिंडी

*

लिंझ, १० डिसेंबर २००१

चि. लिंडी हिस,
अ. उ. आ.

पाय सुजलाय, पण काठी घेऊन जेवणघरापर्यंत जाते. लिंझचा बाजार मी खिडकीतून पाहिला. तुला भेटता आलं नाही याचं दुःख पायापेक्षा जास्त आहे.

पण लिंडी, तू त्यांना केलंस तरी काय? शनिवारी बोटीची शेवटची घंटा झाली तरी फोल्कमारचा पत्ता नव्हता. ज्या माणसाच्या आयुष्यात कधी गाडी चुकली नाही, त्याची शिडी काढायला लागले होते. अधिकारी ओरडत होता की थीलेकेसाहेब राहिलेत, थीलेकेसाहेब राहिलेत, आणि मी काठी आपटत त्याला थांबवत होते. एवढ्यात धक्क्यावरून ते पळत आले, टाय पाठीवर, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, अंगाला लवंग-दालचिनीचा वास. बोटं पाण्याने सुरकुतलेली. बदाम नाहीत, कॅथेड्रल पाहिलं नाही, पाकीट रिकामं. आणि हातात एक पिशवी, तिच्यात न्युरेंबर्गचे कप. न्युरेंबर्ग मागे राहिलं, आता त्या कपांचं आम्ही काय लोणचं घालायचं?

मी विचारलं की बहीण कशी वाटली. म्हणाले, निर्णय पटकन घेतात. त्यावर एक शब्द नाही. मला माहीत आहे तुझा तोंडाचा पट्टा. तू त्यांचा अपमान केलास का? त्या दिवसापासून त्यांनी लग्नाचा विषय काढलेला नाही. पासाउला ठरलेल्या वेळेच्या आधीच परत आले आणि डेकवर एकटे बसून नदी बघत होते.

तुला गंमत वाटेल, पण ते काही विचारेनासे झाले तेव्हा मला कळलं की त्यांनी विचारावं असं मला वाटतंय. उद्या-परवा व्हिएन्ना येईल आणि मी हो म्हणायला तयार झाले तर प्रश्नच उरलेला नसेल. काय झालं ते मला सगळं लिही, लपवू नकोस.

राग नाही, काळजी आहे. माया होती तेवढीच आहे.
तुझी,
रोझविथा

*

रेगेन्सबुर्ग, १२ डिसेंबर २००१
(तातडीच्या टपालाने)

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी कचेरीत त्या मदतनिसाबद्दल आभार मानायला गेले. तिथली बाई उलट माझीच माफी मागायला लागली, म्हणाली, शनिवारी माणूस मिळालाच नाही, कुणालाच पाठवता आलं नाही. मला काही उमगेना. घरी आले तर दारात तुझं पत्र. ते वाचलं आणि मी बुटांसकट जमिनीवर बसले. सेप्प घाबरून पलंगावरून उठला, तेवढाच एक फायदा.

तुझी उन्हाळ्यापासूनची सगळी पत्रं काढून बघितली. सगळीकडे फोल्कमार, फोल्कमार, फोल्कमार. आडनाव एकदाही नाही. आणि त्यांचं म्हणजे जुन्या वळणाप्रमाणे नुसतं आडनाव सांगून वाकायचं. मी तरी त्या गर्दीत कुणाचं नाव-गाव विचारत बसणार होते का?

ताई, मी त्यांना एकदा आंधळे आहात का असंही विचारलं. दिवसभरात त्यांना बसायला सांगितलं नाही, वाइनचा घोट दिला नाही. आणि वर तुला लिहिलं की नको म्हण. ते पत्र तुला मिळालं असेल तर त्यातला अर्धा भाग फाडून टाक. कुठला ते तुला कळेल. त्यांनी माझ्यामुळे माघार घेतली तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. तुझं घर पुन्हा भरायला आलं होतं आणि मी त्या माणसाला ओलं फडकं दिलं.

त्यांना माझा नमस्कार सांग. भाऊजी म्हणायची अजून माझी हिंमत होत नाही.

तुझी अपराधी,
लिंडी

*

व्हिएन्ना, १३ डिसेंबर २००१

चि. लिंडी हिस,
अ. उ. आ., आणि आधी जमिनीवरून ऊठ.

तुझं पहिलं पत्र काल मिळालं, तातडीचं आज. धक्क्यावरच्या बाकावर बसून वाचलं. त्यात फोल्कमारना तू तो म्हटलंयस आणि थीलेकेंना ते. अर्ध्यावर आले तोवर मला इतकं हसू यायला लागलं की शेजारी बसलेल्या एका बाईंनी पाणी हवं का विचारलं. मी काही फाडलं नाही. फोल्कमार शिलिंगांचं पाकीट घेऊन आले, तेव्हा अख्खं पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी सावकाश वाचलं, नको म्हण हे वाक्य दोनदा वाचलं. मग थीलेके आले तिथे त्यांचे कान लाल झाले. शेवटी ते हसले, लिंडी, आणि थांबेचनात. चष्मा काढून पुसत राहिले. मी म्हटलं, अहो, तुम्ही तिला सांगायचं तरी की तुम्ही कोण. ते म्हणाले की त्यांना वाटलं तुमच्या घरची ही पद्धतच असेल, नव्या माणसाला आधी कामाला लावायचं. त्यांना ती फार आवडली होती. फक्त आपण परीक्षेत पास झालो की नापास ते कळेना, आणि नापास झालेल्या माणसाने पुन्हा तोच प्रश्न कसा विचारायचा, म्हणून ते गप्प होते.

मग मी पाकिटांचा विषय काढला. माझ्या मनातली धास्ती त्यांना सरळ सांगितली, की हे असं मिनिटं वाटून जगणं मला जमायचं नाही. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. नंतर म्हणाले की बायको गेल्यावर दिवस नुसता उघडा पडायचा, सकाळी सातपासून पुढे काहीच नसायचं. म्हणून त्याचे तुकडे करायची सवय लागली, भाजी वीस मिनिटं, पेपर तीस. शनिवारी पाण्यात हात घातले आणि नंतर वर पाहिलं तर अंधार पडला होता. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. आणि म्हणाले, तुमची बहीण माझ्यावर दिवसभर ओरडत होती. माझ्या घरात कुणी ओरडून नऊ वर्षं झाली.

व्हिएन्नाचा बाजार समोर होता, सगळे दिवे लागलेले, आणि आम्ही त्यात पाऊलही ठेवलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, अजून खरखरीत होता. म्हटलं, माझा आवाज लिंडीपेक्षा मोठा आहे, थीलेके, विचार करून ठेवा.

ते म्हणाले, केलाय.

तुझी,
रोझविथा